पिओनी तुझ्याच अंगणात लाव

नाशिक, ऑक्टोबर

प्रिय सखे,



टोरांटोत तुझ्या घरी पिओनीच्या मुळांचं पार्सल आलं, हे वाचून फार आनंद झाला. त्यातलं एक मूळ मला पाठवायचं म्हणतेस, पण नको गं. परदेशातून मूळ आणायचं तर परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, हे एक. खरी अडचण आमच्या थंडीची आहे.

तू म्हणशील, निफाडला तर पारा ५ अंशांखाली जातो! जातो ना. त्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. पिओनीला एका रात्रीचा कडाका पुरत नाही. पाचेक अंशांच्या आतबाहेरची थंडी कित्येक आठवडे ठाण मांडून बसावी लागते, तेव्हा कुठे जमिनीतले डोळे फुलायला तयार होतात.

द्राक्षवेलही खरं तर हिवाळाभर झोपणारी. इथे तिला ती झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, आता ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि लगेच काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. सध्या दिंडोरी-निफाडकडे हीच धांदल आहे. द्राक्षावर शेतकऱ्याचं घर चालतं, तो हे सगळं निभावतो. कुंडीतल्या एका पिओनीला मी इथे कुढत ठेवू कशाला? आपल्या देशातही एक पिओनी आहे बरं का, पांढरी, एकेरी पाकळ्यांची. पण तीसुद्धा काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांतच रमते.

तू मात्र जमीन गोठायच्या आत लावून टाक. जागा सहा तास उन्हाची, पाणी न साचणारी. मुळं दोन-तीन तास पाण्यात भिजव. खड्डा ऐसपैस घे, तांबूस डोळे वर ठेव आणि त्यांच्यावर माती फार तर २ इंच. खड्ड्यावर काठी आडवी टाकून मोजच. पाणी घातलं की माती बसते आणि मूळ खाली जातं, तेव्हा पुन्हा मोज. खोल गेलं तर पानं भरपूर येतील, फूल येणार नाही. शेणखत डोळ्यांवर रचू नकोस.

तुझी ‘सारा बर्नहार्ट’ जात १९०६ सालची, फ्रान्सच्या लेमोइन नर्सरीची. त्याच झाडाच्या मुळांची विभागणी होत होत ती तुझ्यापर्यंत पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. दोन-तीन वर्षं तिच्याकडे फुलांचा हट्ट धरू नकोस. एकदा रुळली की नातवंडांपर्यंत फुलेल. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नकोस. कळीचा गोड पाझर खायला येतात त्या, फुलाला काही करत नाहीत.

आणि जूनमध्ये टोरांटोजवळच्या ओशावाच्या बागेतला पिओनींचा संग्रह बघून ये. पुढची जात तिथे फुललेली बघूनच निवड, आणि कोणती आवडली ते मला सविस्तर लिही.

तुझीच,
मैत्रीण