पसरलेला गुडघा

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खोखोचे नियम बांधावयास घेतले. पण गड्याचा गुडघा कोणी बांधावा? पळणाऱ्याने बसलेल्या गड्यास स्पर्श केल्यास प्रथम ताकीद, पुन्हा केल्यास बाद. उलट बसलेल्याच्या अडथळ्यामुळे तो सापडला, तर बाद नव्हे, असा रूढ नियम आहे. बेसबॉलमध्ये भुईवर घसरत येतो तो पळणाराच! त्याने प्रतिस्पर्ध्यास पाडण्यासाठी वाट बदलू नये, असे बंधन अमेरिकेतील बड्या व्यावसायिक सामन्यांत २०१६ साली आले. आमच्याकडे सूर मारतो पाठलाग करणारा.

रिठद येथे असाच एक गडी पसरलेल्या गुडघ्यास अडखळून सापडला. कोणी लबाडी म्हणे, कोणी अपघात. पंचांनी वाकून चौकोनाबाहेर धुळीत उमटलेली खूण पाहिली आणि पळणाऱ्यास पुन्हा धावावयास सांगितले. हेतूची चौकशी त्यांनी केलीच नाही. मला तेच पटले.