चुलीपाठची भिंत

निफाडची थंडी द्राक्षबागायतदाराला विचारावी. पारा चार-पाच अंशांवर उतरला की तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यानं मुळं गारठत नाहीत. मणी तडकू नयेत म्हणून अख्खं घर रात्र जागतं. आणि त्याच मळ्यातल्या सिमेंटच्या बंगल्यात म्हातारी माणसं दोन-दोन ब्लँकेटांत कुडकुडत पडलेली असतात.

आपल्याकडे घर तापवायची रीत कधी नव्हतीच. ऊब द्यायची ती माणसाला, आणि त्याला चुलीपुढची हातभर जागा पुरे. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या. दिवसा खाल्लेलं ऊन त्या रात्री सावकाश आत सोडत. भाकरी आटोपल्या तरी वैलावर पाणी राही. निखारे राखेत झाकून ठेवायचे, पहाटे फुंकणीनं फुंकले की पुन्हा लाल. अंगणात तांब्याचा बंब धुमसे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकायच्या. सगळी खोली त्या वासानं भरून जाई.

आणि गोधडी! वर-खाली जुनं नऊवारी, मध्ये विरलेली धोतरं, परकर, आणि कडेपासून आत आत फिरत गेलेला धावदोरा. ऊब कापडापेक्षा थरांत अडकलेल्या हवेची असते. हे पुस्तकात न वाचता बायकांना हाताला कळलेलं होतं.

पण त्याच बायकांच्या छातीत चुलीचा धूर साठत गेला, डोळे गेले. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, वस्त्यावस्त्यांवर सिलिंडर पोचले, फार चांगलं झालं. फक्त धुराबरोबर विस्तवही घराबाहेर गेला, आणि त्याच्या जागी ऊब कुठून आणायची हे कुणी ठरवलंच नाही. धाब्यांच्या जागी स्लॅब आले होतेच. चार-पाच इंचांचा स्लॅब रात्री उघड्या आभाळाखाली भराभर निवतो. खाली फरशी, तिच्यावर पाय ठेववत नाही.

मग कुणी न सोसवून कोळशाची शेगडी खोलीत घेतं आणि दार लावतं. जुन्या घराला वर धुराडं होतं, दारांना फटी होत्या. या खोलीला त्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. बंद खोलीत शेगडी नकोच.

माझी आजी पौष लागला की आपलं अंथरूण चुलीच्या पाठभिंतीला हलवायची. आज तशी भिंत म्हणजे पश्चिमेची, दुपारभर ऊन खाल्लेली. म्हाताऱ्यांची खाट तिच्यालगत लावावी, फरशीवर घोंगडी अंथरावी, आणि ऊन कलायच्या आत खिडक्या ओढून घ्याव्यात.