अर्थ लागत नाही

"साहेब, अर्थ लागत नाय," मिस्त्रीनं बॉनेटमधून डोकं बाहेर काढून सांगितलं आणि मला एकदम बी.कॉम.चं दुसरं वर्ष आठवलं. तेव्हा आमचे सरही हेच म्हणत. फरक इतकाच, की सर ते माझ्या उत्तरपत्रिकेबद्दल म्हणत आणि मिस्त्री गाडीच्या डाव्या दिव्याबद्दल म्हणत होता.

त्याचं असं झालं. आम्ही राहतो आसनगावला. मुंबईकरांना आसनगाव ठाऊक असतं ते लोकलच्या पाटीवरचं नाव म्हणून. कसारा लोकल चुकली की ही मिळते आणि आटगावच्या माणसाला इमानेइतबारे एक स्टेशन अलीकडे उतरवून देते. आमची शाखा मात्र मुरबाड तालुक्यात. म्हणजे रोज शहापूर, किन्हवली, सरळगाव अशी वारी. तिथं लोकल जात नाही आणि शेवटच्या एस.टी.च्या वेळेला आमची कॅश जुळत नाही. सबब एक जुनी छोटी गाडी घेतली. तिचा आधीचा मालक म्हणाला होता, "एका हाताची गाडी आहे." तो हात रात्री कधी गाडी चालवत नसावा. कारण तिच्या दिव्यांचा उजेड इतका सात्त्विक होता, की दिवे लागलेत की नाहीत हे पाहायला खाली उतरून समोर जावं लागे.

मार्च एंडिंगची रात्र होती. साडेदहाच्या सुमाराला किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यात लाकडाची मोळी चालताना दिसली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा मोळीखाली दोन पाय होते आणि त्यांच्यात नि माझ्या बंपरमध्ये दोन हातांचं अंतर होतं. ती बाई काही न बोलता रस्त्याच्या कडेला सरकली आणि चालू लागली. मी पाच मिनिटं तिथंच बसून राहिलो. पुढं आसनगावपर्यंत सेकंड गिअरमध्ये आलो.

घरी हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कारण सौभाग्यवतींनी ते आपल्या बंधूंना सांगितलं. आमचा मेहुणा कॉम्प्युटरपासून कांद्याच्या रोपापर्यंत सर्व विषयांत तज्ज्ञ आहे. फक्त नोकरी या विषयात त्याला अजून गती आलेली नाही. तो म्हणाला, "भावोजी, बल्ब बदला. साठ वॉटचे काढा, शंभरचे टाका. रात्रीचा दिवस होईल!"

दिवस झाला खरा, पण होळीचा. शहापूर यायच्या आत स्टिअरिंगखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. दिव्याचं बटण हाताला चटका देण्याइतकं तापलं होतं. नंतर हिशेब केला. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर येतात. एवढा भागाकार कॉमर्सवाल्यालाही जमतो. पंचावन्न भागिले बारा म्हणजे एका दिव्याला साडेचार, दोघांचे मिळून नऊ. शंभर वॉटचे दोन म्हणजे सोळाच्या वर. हा सगळा भार जाणार त्याच जुन्या, सुतळीएवढ्या वायरीतून आणि त्याच बटणातून. एका कॅशिअरच्या खिडकीवर अचानक दुप्पट पेन्शनर उभे केले तर कॅशिअरचं डोकं तापेल की नाही?

मेहुणा खचला नाही. त्यानं पांढऱ्याफेक उजेडाचे एल.ई.डी. बल्ब मागवले, सोबत रिले. ही रिले वस्तू मात्र मला मनापासून आवडली. बटणानं फक्त सही करायची. खरी रक्कम बॅटरीकडून जाड वायरीनं, मध्ये फ्यूज ठेवून, परस्पर दिव्याकडे. मॅनेजर आणि स्ट्राँगरूम यांचं नातं हुबेहूब असंच असतं. (मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं नाही.)

शहापूरच्या मिस्त्रीनं सगळं जोडलं आणि बटण दाबलं. उजवा दिवा असा लागला, की समोरच्या टपरीवरच्या गिऱ्हाइकांनी डोळ्यांवर हात घेतले. डावा मात्र देवघरातल्या निरांजनासारखा. त्यात साइड दाखवायची कांडी खाली केली, की डावा दिवा तिच्या तालावर डोळे मिचकावायचा. मिस्त्रीनं बल्ब बदलून पाहिला, होल्डर बदलला, फ्यूज तपासला, शेवटी दोन वायरींचा टेस्टिंगचा बल्ब घेऊन अर्धा तास गाडीच्या पोटात शिरला आणि मग ते ऐतिहासिक वाक्य बोलला.

वायरिंगमधला हा अर्थ म्हणजे परतीची वाट. दिव्यापर्यंत आलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीला परत मिळाला पाहिजे. लुका पाचिओली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून आमच्या जन्माचं भलं करून ठेवलं, तिचं मर्म हेच: नावे टाकलं ते कुठंतरी जमा दिसलंच पाहिजे. आमच्या डाव्या दिव्याच्या जमेच्या बाजूला गंज होता. सरळ वाट बंद झाल्यामुळं करंट बिचारा शेजारच्या साइडच्या दिव्यातून, लोकांच्या अंगणातून जावं तसा परत जात होता. म्हणून ते डोळे मिचकावणं.

मिस्त्रीनं बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळला. लख्ख! वीस रुपयांचा पॉलिश पेपर. दुरुस्तीच करायची होती तर ती पहिल्याच दिवशी एवढ्यात झाली असती. पण तसं म्हटलं तर मेहुण्याच्या विद्वत्तेचा अपमान होतो.

पुढचे आठ दिवस मी राजा होतो. नाशिक हायवेवर समोरचे ट्रकवाले दिवे उघडमीट करून सलाम करत. "दाद देताहेत, भावोजी," मेहुणा म्हणाला. एकानं दाद देताना काच खाली करून माझ्या मातोश्रींचाही उल्लेख केला.

नवव्या दिवशी खिडकीवर एक बाबा आले. दुधाचा रतीब घालणारे, जुने खातेदार. कोपराला हळद लावलेली, गुडघ्याला फडकं.

"काय झालं, बाबा?"

"काय सांगू, साहेब. काल राती सायकलनं चाललो होतो. समोरून कोन तो दिवटा आला, डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. सायकलीसकट खाली शेतात. चार लिटर दूध गेलं बांधावर."

मी पासबुक मशीनमध्ये घातलं. मशीन नेहमीपेक्षा फारच सावकाश छापतंय असं वाटलं. काल रात्री डाव्या हाताला काहीतरी खडखडलं होतं, आणि कुत्रं असेल म्हणून मी पुढं गेलो होतो.

संध्याकाळी थेट मिस्त्रीकडे. त्यानं जुना बल्ब हातात घेऊन दाखवला. आत दोन तारा. डिपरच्या तारेखाली चमच्याएवढी पत्र्याची वाटी. वर डोळ्यांत जाणारा उजेड ती अडवते. रिफ्लेक्टरचा आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला. तिथं भलताच बल्ब बसवला तर उजेड रस्ता सोडून आभाळात नि माणसांच्या डोळ्यांत. पूर्वी मुंबईत गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका लावत, तो मला गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट वाटायचा. तो समोरच्याच्या दृष्टीसाठी होता, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

एल.ई.डी. उतरवले. रिले आणि जाड वायरी ठेवल्या, जुनेच बल्ब परत बसवले, भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांचा रोख खाली घेतला. आणि काय सांगू, तेच सात्त्विक दिवे आता रस्ता दाखवू लागले! मिस्त्री म्हणाला, आधी बल्बपर्यंत पुरता दाबच पोचत नव्हता. बारा व्होल्टातला दहावा हिस्सा वाटेत गळला तर तीस टक्क्यांच्या आसपास उजेड जातो. आमच्या तालुक्याला हे समजावून सांगायला नको. भातसा इथली, तानसा इथली, आणि उन्हाळ्यात टँकरही इथलेच.

पुढच्या महिन्यात बाबा पुन्हा खिडकीवर आले. जखमा वाळल्या होत्या. मी दोन रात्री पाठ केलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं, "बाबा, तो दिवटा मीच."

"म्हाईत हाय," बाबा म्हणाले. "खाली पडल्या पडल्या मागचा नंबर वाचला. गाडी रोज बँकेच्या दारात उभी असते. म्हणून तर त्या दिवशी तुमच्याच खिडकीला आलो."

मला काय बोलावं कळेना. बाबांनी पासबुक पुढं सरकवलं.

"दिवे आता बरे हायेत. परवा मी सायकलवरच होतो, तुम्ही डिपर दिलात. तेवढं चार लिटर दूध राह्यलंय, साहेब. ते कुठल्या बाजूला लिवायचं, ते तुम्हीच बघा."