शार्दूल दरवाजाखाली

मे महिन्यात आमच्या नरखेडला दुपारी दार उघडायचीही भीती वाटते. पारा ४५ कडे सरकतो आणि संत्रेवाल्यांचं सगळं लक्ष बोअरच्या पाण्याकडे लागलेलं असतं. यंदा पेपर तपासून हातावेगळे केले, तेव्हा अम्मी म्हणाली, "एकदा तरी चिखलदरा दाखव रे." इतक्या जवळ राहून तिनं तो पाहिला नव्हता.

फजरची नमाज पढून निघालो. १९९१ च्या पुरात उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसलेलं मोवाड मागे पडलं, वर्धा ओलांडली. वरुड, मोर्शी करत परतवाड्याला चहा घेतला आणि घाट सुरू झाला. सागाची पानं झडलेली, डोंगर उघडेबोडके. पण वळणागणिक हवा हलकी होत गेली. अम्मीनं काच खाली केली, ती पुन्हा वर केलीच नाही.

गाविलगडावर पोचलो. आठवीतला मुलगा तटबंदीकडे बघत म्हणाला, "अब्बू, हा किल्ला आपला का त्यांचा?"

मी चपापलो. 'आपला' म्हणजे कोणाचा, हे विचारायचं धैर्य झालं नाही. ही वाटणी त्याला कोणीतरी शिकवली होती. माझ्या गप्प राहण्यानंही शिकवली असेल.

त्याला शार्दूल दरवाजापाशी नेलं. वर दगडात दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. १४२५ साली अहमदशाह बहमनीनं हा गड बांधला. नाव मात्र त्याआधीच्या गवळ्यांचं. पुढे तो आला फतहुल्ला इमादुलमुल्ककडे. हा विजयनगरकडच्या ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि १४९० च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाहीचा संस्थापक ठरला, असं फरिश्ता लिहितो. गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवरही दिसतो. म्हणून काही अभ्यासकांना इथल्या शिल्पात त्याच्या मुळाची खूण दिसते. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गड घेतला, तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या बाजूनं लढताना पडला तो किल्लेदार बेनीसिंग, एक राजपूत.

"आता सांग, कोणाचा?"

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "त्या मुलाला घर आठवत असेल का हो, अब्बू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा वर्षं मी एकाच फळ्यावर उर्दूही लिहितो, मराठीही. पण इतिहासाच्या या भांडणापासून लांब राहिलो. भाषेच्या मास्तरला काय करायचं, अशी सोयीची समजूत होती.

अम्मी दरवाजाच्या सावलीत दगडावर बसली होती. तिनं डबा उघडला, आम्हाला हाक मारली. शेजारी अमरावतीकडचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या आजींच्या हातावरही तिनं पोळी-भाजी ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडेल. मुलाचा पहिला प्रश्न मी वर्गात स्वतःहून विचारणार आहे.