मी पंचगिरी सोडली

कोंबड्यांच्या बाबतीत माझं एक मत बरीच वर्षं पक्कं होतं. मोठीने धाकटीला टोचणं हा अन्याय आणि तो मोडून काढणं हे पाळणाऱ्याचं काम. नवी कोंबडी कळपात आली की मी काठी घेऊन परसात बसायचे. आता बसत नाही. माया आटली म्हणून नाही. त्या टोचाटोचीचा अर्थ मला वेगळा वाटू लागला म्हणून.

निमित्त झाल्या आमच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. त्या तीन-साडेतीन महिन्यांच्या होत्या. गावरान कोंबडी अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात आणि घरात तर अंडी हवी होती. म्हणून आठवडी बाजारातून अंड्यावरच्या दोन कोंबड्या घेतल्या. महिनाभर वेगळ्या ठेवल्या, मग खुराड्याशेजारी जाळीआड. घर तलंगांचं, संख्याही त्यांची जास्त, म्हणजे पाहुण्याच मार खाणार असा माझा हिशोब. जाळी काढली आणि लालभडक तुऱ्याच्या त्या दोघींनी भरड्याचं टोपलं ताब्यात घेतलं. पोरी कोपऱ्यात.

मी काठी उचलली. हुसकावलेली कोंबडी लांब जायची, माझी पाठ वळली की परत यायची आणि झटापट पहिल्यापासून सुरू व्हायची. ज्या दिवशी कामामुळे परसात बसता आलं नाही, त्या दिवशी संध्याकाळी सगळं बरंच निवलेलं दिसलं. तिथून विचार सुरू झाला.

थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण केलं होतं. कोण कुणाला टोचते याच्या नोंदी ठेवून 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मांडलं की कळपात प्रत्येकीची एक पायरी ठरलेली असते. ती ठरेपर्यंत मारामारी. ठरली की नुसत्या मान उंचावण्यावर भागतं. गर्दीच्या एसटीसारखंच हे: स्टँडवर धक्काबुक्की, घाट लागेपर्यंत सगळे आपापल्या जागी. मी मध्ये पडायचे तेव्हा ती पायरी ठरूच देत नव्हते.

वयाने मोठी कोंबडी जिंकते यातही दुष्टपणा नाही. तिचं वजन जास्त आणि तुरा पूर्ण वाढलेला. तलंगेचा तुरा अजून लहान, फिकट. तुरा मोठा आणि लाल तर पायरी बहुधा वरची. तलंगा अंड्यावर आल्या की ही उतरंड पुन्हा थोडी हलते.

मग माणसाने करायचं काय? माझ्या मते त्याचं बहुतेक काम जाळी काढण्याआधीचं. बाजारातली कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण श्वसनाचे काही आजार ती लक्षणं न दाखवता वागवत असू शकते. म्हणून तीन-चार आठवडे ती लांब, वेगळ्या भांड्यांत, आणि तिचं खाणंपाणी घरच्या कळपानंतर. घरघर, नाकातून पाणी, पातळ शीट यांवर लक्ष ठेवायचं. पंखांखाली उवा पाहायच्या. मानमोडीची लस दोन्हीकडे झालेली हवी. त्यानंतर आठवडाभर जाळीआड, म्हणजे दिसेल पण टोचता येणार नाही.

आमच्याकडची जुनी रीत म्हणजे रात्री गुपचूप खुराड्यात सोडणं. ती मी टाकलेली नाही. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. पण उजाडल्यावर अनोळखी ती अनोळखीच, म्हणून ही रीत ओळख झाल्यानंतरच कामाची. एकटी कोंबडी आणायची नाही, निदान जोडी. म्हणजे सगळा मार एकीवर येत नाही. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, आणि आडोसे भरपूर. खाद्य मात्र सगळ्यांना तलंगांचंच. लेयर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, त्याने तलंगांची मूत्रपिंडं बिघडू शकतात. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला की हवा तेवढा त्या खातात. जागा बदलल्यावर त्या काही दिवस अंडी देत नाहीत, तेव्हा घाई करू नये.

एका गोष्टीत मी अजूनही पंच आहे. रक्त दिसलं की लगेच मध्ये पडते, कारण लाल जखमेवर सगळा कळप तुटून पडतो. एखादीला कुणी खाऊपिऊच देत नसेल तरीही. पण जखमी कोंबडीला फार दूर नेत नाही. बराच काळ नजरेआड राहिली तर ती पुन्हा परकी ठरते आणि सगळी मारामारी नव्याने होते. जाळीआड, सगळ्यांच्या समोर ती बरी होऊ द्यावी.

तलंगांच्या कळपात मोठ्या कोंबड्या आणणार असाल तर एवढंच सांगेन: आधी जाळी आणि जादा भांडी घ्या, मग बाजार गाठा. आणि पिसं उडाली तरी रक्त निघेपर्यंत किंवा एखादीचं खाणंपिणं अडेपर्यंत काठीला हात लावू नका.