मास्तरांचा बुधवार

आमच्या घरात मर्फीचा रेडिओ होता आणि आळीच्या टोकाला राहणाऱ्या बँडमास्तरांकडे मेरठचा ट्रम्पेट. या दोघांची गाठ दर बुधवारी रात्री आठला आमच्या ओट्यावर पडायची.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल १९६५च्या आसपासचं. वडील रेडिओचं तोंड खिडकीकडे फिरवून ठेवायचे. मास्तर खाली पायरीवर बसायचे. मांडीवर शंभर पानी वही, कानावर पेन्सिल. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, की अमीन सायानींचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. आम्ही मुलं कुठलं गाणं कितव्या पायदानावर यावर पैजा लावायचो. मास्तरांचं त्याकडे लक्ष नसायचं. ते चाल टिपून घेत. सा रे ग म, खाली रेघा, मध्येच फुल्या. पहिल्या बुधवारी मुखडा हाती लागायचा, दुसऱ्या बुधवारी अंतरा, तिसऱ्या बुधवारी मधले वाद्यांचे तुकडे. चौथ्या आठवड्यात ते गाणं गावातल्या वरातीत वाजायचं.

रेडिओच्या काचेवर ‘मीटर बँड’ असं लिहिलेलं असे. हा बँड आणि मास्तरांचा बँड एकच, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. आज वाटतं, त्यात फारसं चुकीचं नव्हतं. गावात रेडिओ मोजक्या घरांत. उरलेल्या गावानं नवं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते रस्त्यावर, पितळी भोंग्यातून. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, त्यांचा रेडिओ म्हणजे बँड.

सिलोनच का, हेही सांगायला हवं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीतावर जीव असलेला. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्याच वर्षी गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश कोलंबोकडे कान लावून बसला. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली, पण तोवर बुधवारची सवय हाडात मुरली होती. केसकरांनी शास्त्रीय संगीताचं भलं केलं हे मला मान्य आहे. तरीही बँडवाल्यांच्या पोटाचं गाणं त्यांना ऐकू आलं नाही, असंच मी म्हणेन.

मास्तरांचा ट्रम्पेट जवळून पाहायला मिळे तो शिमग्यानंतर, लग्नसराईच्या तोंडावर. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या ही वाद्यं घडतात. आपल्याकडे तंबोरा म्हटलं की मिरज, तसं बँडवाल्यांना मेरठ. मास्तर तिन्ही पिस्टन काढून फडक्यावर ओळीनं मांडायचे. मग चिंच आणि राख घेऊन, आया-बहिणी हंडे-कळश्या घासतात तसं ते पितळ घासायचे. ओठांच्या मधोमध त्यांना घट्टा पडला होता. वैशाखात रोज दोन-दोन वराती झाल्या की तो फुटायचा. रात्री ते त्यावर लोणी लावायचे आणि सकाळी पुन्हा तोच ओठ माउथपीसला.

“कळा तीनच,” ते मला दाखवायचे. “सूर किती? मोज. मग बाकीचं कुठनं आलं?” आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचे. एकच कळ दाबून ओठ आवळला की सूर वर चढतो, सैल सोडला की उतरतो. कळ अर्धी दाबून ते सूर ओढायचे, तेव्हा त्या विलायती वाद्यातून मींड निघायची. मुलगी सासरी निघाली की ते हे करत. ढोल बंद, झांजा बंद, नुसता ट्रम्पेट. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मास्तर तेव्हा मान खाली घालून वाजवायचे, कुणाकडे बघायचे नाहीत.

१९६६चा वर्षअखेरचा कार्यक्रम मला अजून जसाच्या तसा आठवतो. गीतमालेत सरताज गीताच्या आधी बिगूल वाजायचा. तो वाजला आणि मागोमाग ‘सूरज’मधलं शंकर-जयकिशनचं बहारांचं गाणं लागलं. मास्तर पायरीवरून उठून उभेच राहिले. मे महिन्यापासून त्यांनी ते प्रत्येक लग्नात वाजवलं होतं. साऱ्या देशाचा कौल आता आला होता, त्यांनी तो आधीच दिला होता. पण त्यांचा आनंद गाण्यापेक्षा बिगुलाचा होता. “ऐकलंस? त्याला कळच न्हाई. समदं ओठावर.”

त्या रात्री आजीनं त्यांना चहा दिला. ओट्यावरच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची, कान तुटलेली. ती मास्तरांची. चहा पिऊन ते ती स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवत. सनई-हलगीवर गावाचं प्रत्येक मंगल ज्या मातंग घरांनी वाजवलं, त्यातलंच त्यांचं घर. ज्यांच्या वाजण्याशिवाय नवरदेव मांडवात पाऊल टाकत नव्हता, त्यांची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाबाहेर बसायची. बुंदी संपलेली असायची. हे मी पाहत होतो, आणि वाढायला माझ्याच हातात भाताची परात दिलेली असायची. मी काही बोललो नाही. अकरा वर्षांचं पोर काय बोलणार, असं म्हणून यातून सुटता येत नाही, कारण एकविसाव्या वर्षीही मी बोललो नव्हतो.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईला आलो. भाड्याच्या खोलीत ट्रान्झिस्टर होता. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की सिनेमाच्या चाली वाद्यांवर लावत. मास्टर इब्राहिम यांची क्लॅरिनेट लागली की मी हातातलं काम ठेवून बसायचो. आमच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला हीच वळणं कुठून उचलत होता, ते मला तिथे कळलं. मास्तरांच्या कितीतरी चालींचे मूळ सूरही मी त्या ट्रान्झिस्टरवर नीट ऐकले. एका गाण्याच्या अंतऱ्यात ते जिथे खाली उतरायचे, तिथे रेकॉर्डमध्ये सूर वर जात होता. त्या बुधवारी नेमका त्या जागी सिलोनचा आवाज विरला असणार, आणि मास्तरांनी आपल्या मनानं जागा भरली असणार. मला आजही रेकॉर्डच चुकल्यासारखी वाटते.

मुंबईतच समजलं की सिनेमातला ट्रम्पेट आला कुठून. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि वाद्यं शिकवत. तिथली माणसं मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत आली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतले एक. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, सी. रामचंद्रांनी, त्यांना हाताशी धरलं. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा नाचतात तेव्हा चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हेही ट्रम्पेटवाले. त्यांनी किती वादकांना स्वरलेखन शिकवलं. रेडिओवर गायकाचं नाव यायचं, संगीतकाराचं, गीतकाराचं यायचं. फुंकणाऱ्याचं क्वचितच. गोव्याच्या माणसानं स्टुडिओत फुंकलेला सूर कोलंबोहून आमच्या पायरीवर यायचा आणि मास्तरांच्या ओठांतून गावभर जायचा. या वाटेवर दोन्ही टोकांना बिननावाची माणसं उभी होती.

कॅसेट आल्या, मग बेंजो पार्टी, मग डीजे. डीजेनं छातीत धडधड होते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं दार लावून बसतात. त्याला संगीत म्हणायची माझी तयारी नाही. बँडचा आवाज कितीही मोठा झाला तरी माणसाच्या छातीत जेवढा दम, तेवढाच. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड आणि दरबार बँड वाजतात, तेव्हा लोक दुतर्फा थांबून ऐकतात. तिथे उभा राहिलो की मला गर्दी दिसत नाही, पायरी दिसते.

मास्तर गेले तेव्हा मी मुंबईत होतो. त्यांची वही घरच्यांनी जपून ठेवली आहे. ट्रम्पेट त्यांचा नातू वाजवतो. तो दिवसा गॅरेजमध्ये काम करतो, लग्नसराईत रात्री बँडमध्ये असतो. चाली आता मोबाइलवर ऐकतो, हवं तितक्या वेळा मागे नेऊन.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याचं लग्न गावीच झालं. मुलांना डीजे हवा होता. मी पहिल्यांदाच घरात आवाज चढवला आणि नातवाच्या बँडला सुपारी दिली. बारा जण आले, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. पाठवणीला ढोल थांबला, झांजा थांबल्या. नातवानं आजोबांच्या वहीतलं एक गाणं काढलं. अंतऱ्यात तो त्या जागेपाशी आला आणि खाली उतरला.

जेवणं सुरू झाली तेव्हा बाराही जणांना मी मांडवात पहिल्या पंगतीला बसवलं आणि बुंदीची परात हातात घेतली. हे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. तुमच्या घरी लग्न ठरलं तर हॉल बघायच्या आधी बँडला सुपारी द्या, वाजवणाऱ्यांची नावं विचारून घ्या, आणि त्यांना पहिल्या पंगतीला बसवा.