पायाळू

पाठींत उसण भरली, कीं माणसाचें सारें तत्त्वज्ञान खुंटीला टांगून ठेवावें लागतें. धुळ्यास परीक्षेच्या वह्या तपासतां तपासतां माझा उजवा खांदा असा आखडला, कीं मागून कोणी हांक मारली तर सबंध देहानिशीं वळावें लागे! विद्यार्थ्यांना त्यांत माझा करारी बाणा दिसला असल्यास नकळे.

शेवटीं उपचार करणाऱ्या एका गृहस्थांनीं बोटांनीं चांचपून स्नायूंतली एक ताठर गांठ हुडकली. ती दाबतांच कळ थेट दंडांत उतरली. तेथें त्यांनीं केसासारखी बारीक, भरीव सुई खुपसली. स्नायू मासळीसारखा एकदां उसळला आणि सैल पडला. सुई अगदीं कोरडी. तींत औषधाचा थेंबही नाहीं.

पुढें १९६१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झालेल्या जॅनेट ट्रॅव्हेल या बाई अशा गांठींत बधिर करणारें औषध टोंचीत. १९७९ सालीं कारेल लेविट या झेक वैद्यानें मांडलें, कीं पुष्कळदां गुण औषधाचा नसून सुईचाच असतो. आतां त्यांत सुईचा वांटा किती आणि रोग्याच्या विश्वासाचा किती, यावर तज्ज्ञांचें अद्याप एकमत नाहीं.

हें वाचलें आणि मी खजील झालों. आमची आई पायाळू. जळगांवच्या आमच्या घरीं केळीच्या बागांतले गडी, जिनांतले हमाल पाठींत चमक भरली कीं सकाळींच ओसरीवर पालथे पडत. आई पदर खोंचून पायानें हलकेंच लाथ मारी, आणि ते हंसत उठून जात. कॉलेजांत चार बुकें वाचून आलेल्या मीं एकदां चारचौघांत तिला सुनावलें, "हें थोतांड आतां पुरे!" ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आलेल्या हमालाला मात्र तिनें दारांतूनच परत पाठविलें.

यंदां दिवाळींत सुईची हकीकत ऐकून तिनें विचारलें, "सुईंत औषध कोणतें असतें रे?"

"कांहींच नसतें."

"मग माझ्या पायांत तरी कुठें होतें?"

मीं मुकाट्यानें ओसरीवर चटई पसरली. तिला आतां एका पायावर उभें राहवत नाहीं. भिंतीला धरून तिनें पाऊल माझ्या खांद्यावर नुसतें टेंकलें. तें थंडगार होतें.

"लागलें नाहीं ना रे?" ती पुन्हा पुन्हा विचारीत होती.